जन्मालाच न आलेल्या गायकाची गाणी

ड्यूई कॉक्स नावाचा गायक कधीच नव्हता. अलाबामामधल्या स्प्रिंगबेरी गावात तो वाढला, चौदाव्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात गायला आणि गावात गोंधळ उडाला, मग पुढची पन्नास वर्षं रॉक अँड रोल झालं, कंट्री झालं, फोक झालं, सायकेडेलिक झालं, सत्तरच्या दशकात टीव्हीवर डिस्कोसुद्धा झालं, हे सगळं 'वॉक हार्ड: द ड्यूई कॉक्स स्टोरी' नावाच्या २००७ च्या विनोदी सिनेमात आहे आणि ते जेक कॅसडन आणि जड ॲपटाउ या दोघांनी बसून रचलेलं आहे. माणूस खोटा, गाव खोटं, त्याची बायका-मुलं खोटी. पण त्याची गाणी मात्र खरी आहेत. कुणीतरी ती चाल लावून, शब्द बसवून, स्टुडिओत चांगल्या वादकांना बोलावून रेकॉर्ड केलीत, त्यांचा रीतसर अल्बम निघालाय, आणि इतकी वर्षं झाली तरी मी तो ऐकते. विनोदी सिनेमाची गाणी म्हणून नाही ऐकत, गाणी म्हणून ऐकते. त्याबद्दलच लिहायचंय.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाहीये त्यांच्यासाठी थोडं सांगते. २००४ ला अंध गायक रे चार्ल्सवरचा 'रे' आला, २००५ ला कंट्री गायक जॉनी कॅशवरचा 'वॉक द लाइन' आला, दोन्ही गाजले, दोन्हींच्या कलाकारांना ऑस्कर मिळाले. आणि दोन्हींचा सांगाडा जवळजवळ सारखा. लहानपणी सख्खा भाऊ डोळ्यांदेखत जातो किंवा अपघातात जातो (दोघांच्याही खऱ्या आयुष्यात हे झालेलं आहे), त्याची टोचणी आयुष्यभर राहते, मग गाणं सापडतं, प्रसिद्धी मिळते, ड्रग्ज येतात, पहिलं लग्न मोडतं, माणूस तळाला जातो, मग सावरतो आणि शेवटी टाळ्या. 'वॉक हार्ड'ने हाच सांगाडा उचलला आणि प्रत्येक हाड थोडं जास्त ताणलं. इथे भाऊ कोयत्याने खेळताना कमरेतून अर्धा होतो आणि तरी शांतपणे बोलत राहतो. वडील आयुष्यभर एकच वाक्य म्हणतात, चुकीचा मुलगा गेला म्हणून. रे चार्ल्सची दृष्टी गेली तसं ड्यूईचं वास घेण्याचं नाक जातं. स्टेजवर जायच्या आधी तो भिंतीला टेकून उभा असतो आणि कुणीतरी सांगतं, थांबा, ड्यूईला गायच्या आधी अख्खं आयुष्य आठवावं लागतं. हे एकदा पाहिलं की त्यानंतरचा कुठलाही बायोपिक बघताना हे आठवतंच, २०१८ ला क्वीन बँडवरचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' थिएटरात बघताना मला दोनतीनदा आठवलं, आणि मला क्वीन मनापासून आवडतं तरी आठवलं.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हा सिनेमा बायोपिकची टिंगल करतो, गाण्याची कधीच करत नाही. एकदाही नाही. पडद्यावर कितीही आचरटपणा चालू असला तरी गाणं सुरू झालं की ते पूर्ण इमानदारीने वाजतं. ड्रमर ड्रमरसारखा वाजवतो, बेस जिथे हवा तिथे असतो, आणि गाणारा माणूस गातो.

मी गाणी आधी ऐकली, सिनेमा नंतर पाहिला. हॉस्टेलला असताना एका मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवर ड्यूई कॉक्स नावाचा फोल्डर होता, तेव्हा गाणी अशीच हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर फिरायची, आणि मी तेव्हा जॉनी कॅश नुकतंच ऐकायला लागले होते म्हणून तिने हेही दिलं. पहिलंच गाणं 'वॉक हार्ड'. ती गिटारची एकसारखी टकटक चाल, मालगाडी रुळांवरून जावी तशी. कॅशची सुरुवातीची गाणी ज्यांनी ऐकलीत त्यांना ती चाल लगेच ओळखू येते. त्याच्याबरोबर सुरुवातीला दोनच माणसं असायची, ल्यूथर पर्किन्स इलेक्ट्रिक गिटारवर आणि मार्शल ग्रँट बेसवर, ड्रमर नव्हताच, म्हणून १९५६ च्या 'आय वॉक द लाइन'मध्ये कॅशने गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवून ड्रमसारखा खरखरीत आवाज काढला. गरिबीतून तयार झालेला आवाज आहे तो. 'वॉक हार्ड' गाण्याला तो आवाज नुसता वरवर माहीत नाहीये, आतून माहीत आहे. आयुष्यात पडलो, मार खाल्ला, तरी ताठ चालत राहायचं, एवढंच गाणं आहे, आणि मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नव्हतं. अजूनही सापडत नाही. परीक्षेच्या दिवसांत सकाळी ते लावून आवरायचं हा माझा नेम होता.

हे गाणं लिहिणाऱ्यांमध्ये मार्शल क्रेनशॉ आहे. त्याचं आयुष्य बघितलं तर या कामासाठीच माणूस घडवला होता असं वाटतं. तरुणपणी तो 'बीटलमेनिया' नावाच्या स्टेज शोच्या दौऱ्यात जॉन लेनन व्हायचा, रोज रात्री. नंतर ऐंशीच्या दशकात स्वतःचे अल्बम काढले, पन्नास-साठच्या दशकांच्या गाण्यांवरचं प्रेम त्यात जागोजागी दिसतं. १९८७ च्या 'ला बाम्बा' सिनेमात तो पन्नासच्या दशकातला रॉक गायक बडी हॉली झाला. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यात शिरायचं कसं आणि तिथे राहून आपलं काय करायचं हे तो तोपर्यंत पंचवीस-तीस वर्षं करत होता.

दुसरा माणूस माइक व्हायोला. हे नाव कुणाला माहीत नसतं पण आवाज बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. १९९६ ला टॉम हँक्सने 'दॅट थिंग यू डू!' काढला, एका काल्पनिक बँडच्या एका हिट गाण्याची गोष्ट, ते गाणं ॲडम श्लेसिंजरने लिहिलेलं आणि त्यात मुख्य आवाज या व्हायोलाचा. तिथे प्रश्न असा होता की सिनेमाभर जे गाणं परत परत वाजणार, ज्याने म्हणे १९६४ ची अमेरिका वेडी झाली, ते गाणं प्रेक्षकाला खरंच आवडलं नाही तर सिनेमाच कोसळतो. तिथेही गाणं खरं होतं म्हणून सगळं उभं राहिलं. आणि तिसरा डॅन बर्न, आयोवा राज्यातला गीतकार-गायक, ज्याची तुलना आयुष्यभर लोक बॉब डिलनशी करत आले. त्याच्यावर डिलनच्या धाटणीचं गाणं लिहायची वेळ आली आणि त्याने 'रॉयल जेली' लिहिलं. या सगळ्यांना एकत्र धरणारा मायकल अँड्र्यूज, ज्याने कॅसडन-ॲपटाउ मंडळींच्या 'फ्रीक्स अँड गीक्स' मालिकेचं संगीत केलं होतं आणि 'डॉनी डार्को'मधलं गॅरी ज्यूल्सने गायलेलं ते शांत, खूप उदास 'मॅड वर्ल्ड' ज्याने केलं. विनोदी सिनेमासाठी ही माणसं गोळा केली, गाण्यातली विनोदी माणसं नाही गोळा केली. इथेच अर्धं काम झालं असं मला वाटतं.

माझे मामा पूर्वी सांगली-मिरज भागात ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवायचे. गणपती, नवरात्र, जत्रा, लग्नाचे हॉल. ज्यांनी ते ऑर्केस्ट्रे पाहिलेत त्यांना माहितीये, व्हॉइस ऑफ मुकेश, व्हॉइस ऑफ किशोर, व्हॉइस ऑफ रफी अशी माणसं असायची, आणि निवेदक तशीच ओळख करून द्यायचा. मामांची यातल्या सगळ्यांबद्दल मतं ठाम. कुणी नुसता आवाज काढतो आणि कुणी गातो, यावरून ते माणसाला जोखायचे. एका सुट्टीत त्यांना मी ही गाणी ऐकवली, इंग्रजी त्यांना फार कळत नाही त्यामुळे शब्दांतला विनोद कळण्याचा प्रश्नच नव्हता, सिनेमाबद्दलही मी काही सांगितलं नाही. त्यांनी डोळे मिटून 'अ लाइफ विदाउट यू' ऐकलं, मग म्हणाले, "अगं हा कोण गं? हा आवाज काढत नाहीये, गातोय." मग दुसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि या वेळी बोटांनी मांडीवर ठेका धरला, मधेच म्हणाले, "बघ, चढताना कुठे घाई नाही." त्या गाण्याची धाटणी रॉय ऑर्बिसन या अमेरिकन गायकाची आहे. ऑर्बिसनची गाणी पायरी-पायरीने चढतात, 'रनिंग स्केर्ड' सुरू होतं तेव्हा जवळजवळ कुजबूज असते आणि शेवटी तो एका उंच सुरावर जाऊन गाणं तिथेच तोडतो. हे करायला गळा लागतोच पण त्याहून जास्त संयम लागतो. मामांनी ऑर्बिसन कधी ऐकला नसावा. त्यांना संयम ऐकू आला.

गाणारा माणूस म्हणजे जॉन सी. रायली. शिकागोचा. २००२ च्या 'शिकागो'मध्ये 'मिस्टर सेलोफेन' गाणारा, कुणाच्या नजरेतच न भरणारा तो नवरा आठवतोय ना, तोच. त्याला त्यासाठी ऑस्करचं नामांकन होतं. ड्यूई कॉक्सची सगळी गाणी त्याने स्वतःच्या आवाजात गायलीत. आणि मला त्याच्या गाण्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर वय. चौदा वर्षांचा ड्यूई 'टेक माय हँड' गातो (चौदा वर्षांचा ड्यूईसुद्धा चाळिशीतला रायलीच करतो, सिनेमा त्यावर एक अक्षर बोलत नाही) तेव्हा आवाजात एक मोकळा, न घडलेला गोडवा आहे. गाणं किती निरागस, हातात हात दे, एवढंच. आणि हॉलमध्ये मुली बेभान, पाद्री ओरडतोय की हे सैतानाचं संगीत आहे. मग पुढे एकेक दशक जातं तसा आवाज जाड होतो, थोडा खरबरीत होतो, शब्दांची टोकं झिजतात. शेवटच्या गाण्यापर्यंत तो म्हातारा झालेला असतो आणि हे मेकअपने होत नाही, कारण अल्बममध्ये मेकअप दिसत नाही. फोनवर ऐकतानाही तो माणूस म्हातारा होताना कळतो.

'लेट्स ड्युएट'बद्दल बोलायलाच हवं. ड्यूई आणि पुढे त्याची बायको होणारी डार्लीन स्टेजवर पहिल्यांदा एकत्र गातात ते गाणं. बेंजी ह्यूज आणि चार्ली वॉडम्स यांनी लिहिलेलं. पडद्यावर जेना फिशर आहे, आवाज अँजेला कोरियाचा, आणि आवाज इतका स्वच्छ की सगळं गाणं त्या स्वच्छतेवर तोललेलं आहे. वरून जॉनी कॅश आणि जून कार्टर यांच्या १९६७ च्या 'जॅक्सन'सारखं नवरा-बायकोचं लाडीक भांडण, आतून प्रत्येक ओळ द्व्यर्थी. ओळ अशा ठिकाणी थांबते की ऐकणाऱ्याच्या मनात भलतंच येतं आणि पुढच्या क्षणी गाणारा अगदी साधा शब्द ठेवून ओळ पूर्ण करतो, जणू पाप ऐकणाऱ्याच्याच मनात होतं. दादा कोंडके ऐकत मोठं झालेल्या आपल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. दादांच्या गाण्यातही गाणारा चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही, ठेका पक्का गावरान, चाल अशी की आजीसुद्धा गुणगुणते. चाल कच्ची असती तर ते नुसतं वात्रट राहिलं असतं. 'लेट्स ड्युएट'मध्ये मला शब्दांपेक्षा दोघांचे श्वास ऐकायला आवडतात, ते एकमेकांची ओळ संपायची वाट कशी बघतात, एकाच्या शेवटच्या अक्षरावर दुसरा कसा अलगद येतो. प्रेमात पडायला लागलेली माणसं खरंच अशीच गातील. गंमत शब्दांत आहे, प्रेम चालीत आहे, दोन्ही एकाच वेळी चालू.

आणि मग 'ब्लॅक शीप'. अख्ख्या अल्बममधलं माझं सगळ्यात आवडतं. सिनेमात ड्यूई आता साठच्या दशकाच्या मध्यात आहे, एका गाण्याच्या मागे वेडा झालाय, स्टुडिओ वाद्यांनी, माणसांनी आणि जनावरांनी भरलाय, त्याला हजारो डिजेरिडू (ऑस्ट्रेलियातलं लांब फुंकवाद्य) हवेत, बँडमधली माणसं वैतागलीत. हा रोख सरळ बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनवर आहे. विल्सनने १९६६ मध्ये 'गुड व्हायब्रेशन्स' हे एक गाणं महिनोन् महिने वेगवेगळ्या स्टुडिओंत तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड केलं आणि मग ते तुकडे जोडले. 'पेट साउंड्स' अल्बमच्या शेवटी त्याचे स्वतःचे कुत्रे भुंकतात, आणि त्या सेशनच्या टेपवर तो इंजिनिअरला विचारताना ऐकू येतो की स्टुडिओत घोडा आणता येईल का. नंतर 'स्माइल' नावाचा अल्बम करायला घेतला, त्यातल्या आगीवरच्या तुकड्याच्या वेळी वादकांना अग्निशामक दलाच्या टोप्या घालायला लावल्या, आणि तो अल्बम अर्धवट राहिला. मन मोडलं त्याचं. २००४ ला, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी, तो त्याने नव्याने रेकॉर्ड करून पूर्ण केला.

त्या 'स्माइल'चे शब्द लिहिणारा तरुण होता व्हॅन डाइक पार्क्स. आणि 'ब्लॅक शीप' करताना मायकल अँड्र्यूजच्या बरोबर कोण होतं? व्हॅन डाइक पार्क्स. ज्या माणसाने विशीत ते स्वप्न मोडताना जवळून पाहिलं त्यालाच साठी उलटल्यावर त्याचं विडंबन करायला बोलावलं आणि तो आला. मला हे कळलं तेव्हा मी ते गाणं परत लावलं आणि मला ते विडंबन म्हणून ऐकूच येईना. त्यात सूर एकमेकांवर रचत जातात, मधेच लय बदलते, तंतुवाद्यं कुठून तरी वेगळ्याच घरातून आल्यासारखी येतात, आणि खाली तो काळ्या मेंढरासारखा घरातून बाजूला पडलेला मुलगा, ज्याचा भाऊ गेला आणि ज्याला बापाने कधी माफ केलं नाही. सिनेमातली सगळ्यात आचरट गोष्ट, म्हणजे तो कोयता, या गाण्यात दुःख होऊन येते. पार्क्सला कदाचित थट्टा करायचीही असेल पण त्याच्या हाताला ते काम खोटं करता येत नाही. मला वाटतं हेच त्या अल्बमभर झालंय.

'रॉयल जेली'चं थोडक्यात सांगते कारण ते समजायला डिलन माहीत असावा लागतो. कृष्णधवल चित्रण, गळ्यात हार्मोनिका, नाकातून आवाज, आणि ओळीमागून ओळ अशी की प्रत्येक ओळ खोल वाटते आणि एकीचाही दुसरीशी संबंध नाही. पत्रकार विचारतात की तुम्ही डिलनसारखं गाताय का आणि ड्यूई भडकतो. डॅन बर्नला हा प्रश्न आयुष्यात किती वेळा ऐकावा लागला असेल याचा विचार केला की ते गाणं वेगळंच वाटतं. यमकं बघा फक्त, निरर्थक ओळींनासुद्धा यमकं इतकी चोख की जीभ ओळीवरून घसरत जाते, कुठेही अडत नाही.

विडंबनाची ही शिस्त आपल्याला नवी नाही. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले'मध्ये रविकिरण मंडळाच्या कवींची जी उडवली ती वृत्तात उडवली, मात्रा न चुकवता उडवली, कारण अत्रे स्वतः कवी होते. वृत्त चुकलं असतं तर हसू कवीवर न येता विडंबनकारावर आलं असतं.

या बाबतीत सगळ्यात टोकाचं उदाहरण द रटल्स या खोट्या बँडचं आहे. १९७८ ला मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी गटातल्या एरिक आयडलने बीटल्सवर एक विनोदी टीव्ही सिनेमा केला, त्यासाठी नील इनिसने बीटल्सच्या प्रत्येक काळातली वाटावीत अशी गाणी लिहिली. मुद्दाम जुनी रेकॉर्ड न ऐकता, आठवणीतून. ती इतकी जवळ गेली की बीटल्सच्या गाण्यांचे हक्क ज्या कंपनीकडे होते तिने दावा लावला आणि इनिसला त्या गाण्यांच्या मानधनातला आणि श्रेयातला वाटा सोडावा लागला. खुद्द बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने त्या सिनेमात छोटं काम केलं होतं, त्याला ते खूप आवडलेलं. मला इनिसबद्दल अजून वाईट वाटतं, कारण ती गाणी त्याचीच होती. कुणाच्या प्रेमात पडून त्याच्या पद्धतीने लिहिणं आणि चोरी यात फरक आहे आणि तो फरक ऐकणाऱ्याला कळतो, 'वॉक हार्ड'च्या बाबतीत मला तो पावलोपावली कळतो.

बीटल्सचा विषय निघालाच आहे तर, 'वॉक हार्ड'मध्येही ते येतात, ऋषिकेशला. १९६८ च्या फेब्रुवारीत बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात खरंच आले होते आणि त्या मुक्कामात त्यांनी इतकी गाणी लिहिली की 'व्हाइट अल्बम'चा मोठा भाग तिथला आहे. सिनेमात जॅक ब्लॅक पॉल मॅकार्टनी, पॉल रड जॉन लेनन, कुणीही कुणासारखं दिसत नाही, आणि प्रेक्षकाला कळावं म्हणून ते एकमेकांना पूर्ण नावाने हाका मारतात. खूप हसू येतं. पण बाकी त्या प्रसंगातला भारत म्हणजे नेहमीचाच, भगवी वस्त्रं आणि बसलेली माणसं, आणि गाण्याच्या बाजूनेही तिथे काही खास घडत नाही. इतक्या बारकाईने कान लावून काम करणाऱ्या लोकांनी इथे कान लावला नाही याचं मला वाईट वाटतं. हॅरिसन तर रविशंकरांकडे सतार शिकत होता, किती काय करता आलं असतं.

एक जागा मला दर वेळी अवघडून टाकते. तरुण ड्यूई काळ्या लोकांच्या क्लबमध्ये झाडलोट करत असतो, एका रात्री मुख्य गायक गाऊ शकत नाही आणि हा गोरा पोरगा स्टेजवर जाऊन त्याचंच गाणं गातो, एक अक्षर न बदलता, म्हणजे काळ्या पुरुषाच्या तोंडचं गाणं स्वतः गातो. हॉल आधी थिजतो, मग नाचायला लागतो. विनोद म्हणून तो धारदार आहे, कारण रॉक अँड रोलचा इतिहासच तिथे एका मिनिटात उघडा पडतो. बिग ममा थॉर्नटनने 'हाउंड डॉग' गायलं, १९५३ ला ते आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर होतं, आणि आज जगाला ते एल्विसचं १९५६ चं गाणं म्हणून माहितीये. पण सिनेमात शेवटी हॉल आनंदाने नाचतो आणि गोष्ट पुढे जाते, ज्या गायकाची ती रात्र होती त्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. बायोपिकही हेच करतात, म्हणून ही थट्टाच आहे असं म्हणता येईल. मला मात्र त्या गायकाचं एखादं स्वतंत्र गाणं अल्बमवर हवं होतं.

सिनेमा चालला नाही. साडेतीन कोटी डॉलर खर्चून केलेला, जगभरातून दोन कोटींच्या आसपास आले. रिलीजच्या आधी रायली ड्यूई कॉक्सच्याच वेषात बँड घेऊन अमेरिकेत गावोगावी कार्यक्रम करत फिरला होता, तरीही. गाण्यांना मात्र मान मिळाला. 'वॉक हार्ड'ला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं, नंतर ग्रॅमीचंही. गोल्डन ग्लोब मिळालं रॉक गायक एडी व्हेडरला, 'इन्टु द वाइल्ड'मधल्या 'गॅरंटीड'साठी, आणि हाच एडी व्हेडर 'वॉक हार्ड'च्या शेवटच्या समारंभात स्वतः म्हणून येऊन ड्यूईबद्दल भरभरून बोलतो. म्हणजे ज्याने पडद्यावर ड्यूईला जीवनगौरव दिला त्यानेच खऱ्या स्पर्धेत त्याला हरवलं. त्या वर्षी लेखकांच्या संपामुळे गोल्डन ग्लोबचा समारंभसुद्धा झाला नाही, नुसती नावं वाचून दाखवली.

राहता राहिलं शेवटचं गाणं, 'ब्यूटिफुल राइड', बर्न आणि व्हायोलाचं. म्हातारा ड्यूई जीवनगौरव समारंभात उभा राहतो आणि पहिल्यांदा असं गाणं गातो ज्यात कुणाचीच छाया नाही. कॅश नाही, ऑर्बिसन नाही, डिलन नाही, विल्सन नाही. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या धाटणीत गात आलेल्या माणसाला शेवटी त्याचा स्वतःचा सूर दिलाय, आणि तो साधा आहे, हळू आहे, घर, बायको, मुलं, झालेल्या चुका, जे मिळालं ते. मागे मोठा वाद्यवृंद चढत जातो. मग पडद्यावर अक्षरं येतात की हे गाणं झाल्यावर तीन मिनिटांनी तो वारला, थिएटरातले लोक यावर हसत असतील, मीही पहिल्यांदा हसले, आणि तरी गळा दाटलेला होता कारण गाणं अजून संपलं नव्हतं कानात. खोटा माणूस मेला होता. त्याच्यासाठी लिहिलेलं गाणं मात्र इतकं नीट लिहिलेलं होतं की त्याला निरोप द्यावासा वाटला.

मामांना मी 'ब्यूटिफुल राइड'ही ऐकवलं होतं. त्यांनी विचारलं, "हा अजून गातो का?" मी म्हटलं हो मामा, गातो. ते खोटं नाही. सिनेमात एल्विस झालेल्या गायक जॅक व्हाइटच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्स या कंपनीतून रायलीची जुन्या लोकगीतांच्या वळणाची काही गाणी २०११ ला निघालीत, बेकी स्टार्क आणि टॉम ब्रॉसो यांच्याबरोबर दोघा-दोघांनी गायलेली. त्यात ड्यूई कुठेच नाही, विनोदही नाही. पुढच्या सुट्टीत मामांना तीच ऐकवणार आहे.